एसीच्या पाण्यामुळे घरात बुरशी: कारणे, त्रास आणि उपाय

एसीखालची भिंत काळपट पडते, रंगाचे पोपडे निघतात, खोलीला कुबट वास येतो. पुसले तरी डाग पुन्हा येतात, कारण डाग जातो पण ओल राहते. म्हणून आधी पाणी थांबवा, मग भिंत साफ करा.

ओल कशी येते?

हवेतील वाफेचे एसीच्या थंड कॉइलवर पाणी होते. ते ट्रेमध्ये जमून ड्रेन पाइपमधून बाहेर जाते. ट्रे किंवा पाइप तुंबला, पाइपला उतार नसला किंवा तांब्याच्या नळीवरचा फोम फाटला, तर पाणी भिंतीत मुरते. ओल्या जागी 24 ते 48 तासांत बुरशी वाढू लागते.

कळमनुरी परिसरात एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते. एसीचे पाणी कमी पडते आणि तुंबलेला पाइप लक्षात येत नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की गळती सुरू होते. त्यामुळे सर्व्हिसिंग पावसाळ्याआधी करून घ्या. कूलर हवेत ओलावा वाढवतो, म्हणून एसीच्या खोलीत तो सोबत चालवू नका.

कोणता त्रास होतो?

शिंका, नाक वाहणे, डोळ्यांना खाज, खोकला. दमा असल्यास धाप वाढते. घरात त्रास होतो आणि बाहेरगावी गेल्यावर कमी होतो, असे असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

हाच का 'ब्लॅक फंगस'?

2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर हे नाव घरोघरी पोहोचले. तो आजार म्हणजे म्युकरमायकोसिस. त्यातील काळा रंग मृत झालेल्या ऊतींचा असतो. भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो आजार नव्हे. तरीही अनियंत्रित मधुमेह असलेले, स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा केमोथेरपी सुरू असलेले आणि अवयव प्रत्यारोपण झालेले रुग्ण यांनी बुरशी साफ करू नये. त्या खोलीत झोपूही नये.

सफाई कशी करावी?

1. एसीचा मेन स्विच बंद करा. मेकॅनिककडून गळती दुरुस्त करून घ्या.
2. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि दम्याच्या रुग्णांना दुसऱ्या खोलीत पाठवा. खिडक्या उघडा, एन-95 मास्क, चष्मा आणि हातमोजे घाला.
3. बुरशी कोरडी झाडू नका, बीजाणू हवेत उडतात. साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा आणि जागा पूर्ण वाळवा.
4. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नका. विषारी वायू तयार होतो.
5. भिंत आतून वाळल्याशिवाय रंग देऊ नका.

डाग साधारण तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा मोठा असेल किंवा एसीच्या आतच बुरशी असेल, तर काम जाणकारावर सोपवा. एसी रोज वापरत असाल तर फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुऊन, वाळवून बसवा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, छातीतून शिट्टीसारखा आवाज आला किंवा इनहेलर वारंवार लागू लागला, तर तपासणी करून घ्या. मधुमेह असताना चेहऱ्याची एक बाजू दुखणे किंवा सुजणे, नाकातून काळपट स्राव येणे, एकाचे दोन दिसणे ही लक्षणे असतील तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बोलतानाही धाप लागत असेल किंवा ओठ निळसर पडले असतील, तर लगेच 108 वर फोन करा.

इनहेलर आणि गोळ्या त्रास कमी करतील. पण भिंत ओली राहिली तर तो परत येईल. औषधासोबत पाइपही तपासा.