वास्तू आणि वहिवाट

गोंदिया ते नैनपूर हा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग बंगाल-नागपूर रेल्वेने १९०३ मध्ये खुला केला आणि पुढे तो जबलपूरला जाऊन मिळाला. बालाघाटचे मँगनीज, सातपुड्याचे लाकूड आणि आमच्या तीन-चार पिढ्या या ‘छोट्या लाइन’ने वाहून नेल्या. गोंदियाकडील भाग आधी रुंद झाला. बालाघाट-जबलपूर मार्गावरची छोटी गाडी २०१५ मध्ये थांबली. मोठी गाडी आली, ती हवीच होती. परंतु रूळ बदलले की जुनी गोदामे, शेड आणि लहान स्थानके निरुपयोगी ठरतात. अशा वास्तूंचे सांस्कृतिक केंद्र करावे, ही सूचना मग बैठकींतून ऐकू येते. सूचना चांगली आहे. मात्र इतरत्र अशा प्रयत्नांचे काय झाले, हे आधी पाहणे आम्हांला अगत्याचे वाटते.

१९५६ पर्यंत आमच्या प्रांताची राजधानी नागपूर होती, म्हणून आरंभ तेथूनच करू. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. सव्वाशे वर्षे तिच्या भोंग्यावर शहराचा एक मोठा भाग उठत-बसत होता. गिरणी बंद पडली आणि त्या भूमीवर व्यापारी संकुल उभे राहिले. त्याच नागपुरात मोतीबागेला १४ डिसेंबर २००२ रोजी छोट्या लाइनचे संग्रहालय उघडले. तेथील इंजिने पाहताना आमच्याकडील वृद्धांचे डोळे पाणावतात. एका ठिकाणी सर्व पुसले गेले, दुसऱ्या ठिकाणी वस्तू वाचल्या. परंतु संग्रहालयात आपण पाहुणे म्हणून जातो. तेथे तालीम करावी, वाचन करावे, भांडावे, अशी ती जागा नव्हे.

मुंबईच्या गिरणगावाची कथा अधिक बोधप्रद आहे. तेथे संस्कृती बाहेरून आणावी लागली नाही. चाळींतील भजनी मंडळे, शाहिरांची कलापथके, परळच्या दामोदर नाट्यगृहात रंगणारी कामगार रंगभूमी हे सारे गिरणीच्या पाळ्यांमधल्या फुरसतीतून वाढले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून मावळल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागांसाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी राखण्याची तरतूद होती. चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९९६ मध्ये या जमिनींचा एकत्रित विचार करण्याचा मार्गही सुचवला. परंतु २००१ च्या दुरुस्तीने वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली; इमारतींखालची जमीन त्यातून वगळली गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली. ज्या भिंतींआड कामगारांनी आयुष्य वेचले, त्या भिंतींखालची भूमीच लोकांच्या हिश्शातून निसटली. पुढे महापालिकेने काळाचौकीच्या गिरणीत वस्त्रोद्योग संग्रहालयाची योजना हाती घेतली. तिचे मोल आहेच, परंतु तोवर गिरणगाव विखुरले होते.

याउलट उदाहरण फिनलंडच्या हेलसिंकी नगरीतले. तेथील एका प्रचंड केबल कारखान्यातून उद्योग हळूहळू निघाला, तेव्हा रिकामी दालने चित्रकार, नर्तक आणि कारागिरांना तात्पुरती भाड्याने मिळाली. वास्तूचे तुकडे पाडण्याचा बेत कळताच या भाडेकरूंनी संघटना स्थापन केली आणि स्वतःचा पर्यायी आराखडा मांडला. नगरपालिकेला तो मान्य करावा लागला. १९९१ पासून नगरीच्या मालकीची कंपनी ती वास्तू चालवते, भाड्याच्या उत्पन्नातून तिचा खर्च भागतो, आणि जेथे समुद्राखालच्या केबल तयार होत त्या दालनात आज कार्यक्रम होतात.

या उदाहरणांतून आम्हांला एकच गोष्ट दिसते. आपल्याकडे ‘वहिवाट’ हा फार जुना आणि अर्थपूर्ण शब्द आहे. शेतातली पायवाट लोकांच्या चालण्याने वहिवाटीची होते, तसेच वास्तूचेही आहे. हेलसिंकीत वहिवाट आधी पडली, मान्यता मागून आली. गिरणगावात वहिवाट होती, पण ती चाळींत आणि नाट्यगृहात. गिरणीच्या फाटकाआत कामगाराचा पाय केवळ पाळीपुरता होता. मोतीबागेत वास्तू आणि वस्तू सांभाळल्या, वहिवाट निर्माण झाली नाही.

म्हणून बालाघाटात एखादे गोदाम मागण्यापूर्वी आपण काही कामे करावीत, असे आम्हांला वाटते. छोट्या लाइनवर आणि भरवेलीच्या मँगनीज खाणीत राबलेल्या वृद्धांच्या आठवणी मराठी, पोवारी, गोंडी, हिंदी, ज्या भाषेत ते बोलतील त्या भाषेत नोंदवाव्यात. परवानगी मिळेल त्या आवारात दरमहा एक वाचन, एक दंडारीचा प्रयोग, एक मुलांची सभा नेमाने भरवावी. जागेची देखभाल आणि दिवाबत्तीचा खर्च कोण उचलणार, याचा हिशेब प्रथमपासून उघडा असावा. मागणीचा अर्ज त्यानंतर करावा.

या कामाला सवड फार नाही. भिंती आणखी काही पावसाळे तग धरतील. परंतु फायरमन, गँगमन आणि खाणीतल्या मजूर स्त्रिया दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्यावाचून वाचलेली वास्तू नीटनेटकी असेल, पण ती आपली म्हणता येईल का, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवतो.