कुंपणापलीकडचा सुतार पक्षी

तोफांच्या सरावाचे मैदान म्हटले की तेथून पाखरू हद्दपार झालेच असणार, असे आपण गृहीत धरतो. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील फोर्ट ब्रॅग छावणीचा इतिहास मात्र उलट साक्ष देतो.

ही छावणी १९१८ मध्ये तोफखान्याच्या शिक्षणासाठी वसली. त्या देशाच्या आग्नेय भागात लांब पानांच्या पाइनची राने एके काळी सुमारे ९ कोटी एकरांवर पसरली होती. कुऱ्हाडीने आणि नांगराने ती बहुतेक संपवली. छावणीत मात्र ती टिकली. तोफगोळ्यांनी लागणाऱ्या वणव्यांत खालची झुडपे जळत, जुनी झाडे उभी राहत. जिवंत पाइनमध्येच ढोली कोरणाऱ्या एका सुतार पक्ष्याला असेच मोकळे रान लागते.

हा पक्षी १९७० मध्ये नामशेष होऊ घातलेल्यांच्या यादीत आला. १९९० च्या सुमारास सरकारच्या वन्यजीव खात्याने खुद्द लष्करालाच बजावले, की तुमच्या सरावाने तो धोक्यात येत आहे. त्याच्या झाडांपासून २०० फुटांच्या आत तळ ठोकणे, खंदक खणणे बंद झाले. पण खरा पेच कुंपणाबाहेर होता. खाजगी रानात पक्षी उतरला की मालकाच्या हक्कावर टाच येई. म्हणून काहीजण झाड जून होण्याआधीच तोडून मोकळे होत. ओसरीवर घेतलेला पाहुणा घरच बळकावील, हे ते भय. त्याला आम्ही अडाणीपणा म्हणणार नाही.

१९९५ मध्ये तोड निघाली. मालकाने रान राखावे. त्यामुळे पक्षी वाढले, तर वाढीव पक्ष्यांपायी त्याच्यावर नवे निर्बंध येणार नाहीत, असे लेखी अभय सरकारने दिले. पहिला करार पाइनहर्स्टच्या गोल्फ मैदानाच्या मालकांनी केला. त्याच वर्षी लष्कराने एका निसर्गरक्षक संस्थेशी हातमिळवणी करून, राजीखुशीने देणाऱ्यांच्या जमिनी राखण्यास आरंभ केला. पक्ष्यांच्या वाढीचे ठरवलेले लक्ष्य मुदतीच्या पाच वर्षे आधीच गाठल्याचे २००६ मध्ये जाहीर झाले. सरावावरील बंधनेही सैल झाली. २०२४ मध्ये त्याची वर्गवारी एक पायरी सौम्य झाली. धोका टळला असे नव्हे, पण ओसरला खरा.

पाखराला कुंपण कळत नाही, आणि हुकूम तर कुंपणापाशीच थांबतो. पुढची वाट शेजाऱ्याच्या विश्वासानेच चालावी लागते, हा या इतिहासाचा बोध आम्हांस मोलाचा वाटतो.