आकसणारी माती

लंडनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम १८८१ साली खुलं झालं. आत-बाहेर टेराकोटाचे, म्हणजे भाजक्या मातीचे ठोकळे. कोळशाच्या धुराला ते टिकतात, धुता येतात, म्हणून वास्तुकार आल्फ्रेड वॉटरहाउसने ते पसंत केले. पण माती भट्टीत आकसते. आपले सांडगे उन्हात आकसतात ना, तशी. भाजल्यावर दगडासारखं तासून जुळवायची सोय नाही. म्हणून आकसेचा हिशेब धरून प्रत्येक साचा आधीच मोठा करायचा.

वॉटरहाउसने कागदावर काढलेले पशुपक्षी मातीत घडवले दुजार्दँ या मूर्तिकाराने. पण वॉटरहाउस पानोपानी भेटतो, याचं बहुधा नुसतं आडनाव! मला ते खुपतं. रांगोळी काढणारीचं तरी नाव कुठे राहतं म्हणा. पूर्वेच्या भागावर नामशेष प्राणी, पश्चिमेच्या भागावर हयात. आजही तसेच आहेत.