सदुसष्टाव्या घाताची कथा

१६४४ मध्यें मेर्सेन नांवाच्या फ्रेंच पाद्र्यानें दोनाच्या सदुसष्टाव्या घातांतून एक वजा केल्यास येणारी संख्या मूळसंख्या ठरविली. १८७६ सालीं ल्यूकासनें तें खोडून काढलें. परंतु अवयव कांहीं हातीं लागेनात. पुढें १९०३ मध्यें न्यूयॉर्कच्या गणितसभेंत कोल ह्यांनीं, एक शब्दही न बोलतां म्हणे, १९३७०७७२१ व ७६१८३८२५७२८७ ह्यांचा गुणाकार फळ्यावर करून दाखविला. उत्तर: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७.

हीच संख्या संगणकाच्या तरत्या बिंदूच्या नेहमींच्या सांच्यांत घाला. १९८५ च्या संकेताप्रमाणें तेथें त्रेपन्नच द्विमान अंक राहतात, हिला तर सदुसष्ट हवेत! शेवटच्या साताचे आठ होतात. यंत्र मात्र ब्रही काढीत नाहीं. मग अवयव पाडूं जावें, तों पहिलाच अवयव निघतो दोन.