ग्रेव्ह्ज विकारातील औषध-प्रतिसादाचे पूर्वानुमान

ग्रेव्ह्ज विकार हे अवटू ग्रंथीच्या (थायरॉइडच्या) अतिसक्रियतेचे सर्वाधिक आढळणारे कारण होय. यात शरीराने स्वतःच निर्माण केलेली प्रतिपिंडे ग्रंथीला सतत उत्तेजित करतात. आयर्लंडमधील वैद्य रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली त्याचे वर्णन केले. गोळ्यांनी हा विकार कोणत्या रुग्णात कायमचा शमेल आणि कोणात उलटेल, याचा आधीच अंदाज बांधणे म्हणजे औषध-प्रतिसादाचे पूर्वानुमान.

अमेरिकेत एडविन ॲस्टवूड यांनी १९४३ साली थायोयुरिया वर्गातील औषधांचा उपयोग दाखवला. भारतात प्रामुख्याने कार्बिमाझोल वापरले जाते. शरीरात त्याचे मेथिमाझोलमध्ये रूपांतर होते. ही औषधे संप्रेरकनिर्मिती रोखतात. आधीच साठलेले संप्रेरक मात्र संपावे लागते, म्हणून आराम पडण्यास काही आठवडे जातात. औषध साधारणतः १२ ते १८ महिने देतात. ते थांबवल्यावर सुमारे निम्म्या रुग्णांत विकार पुन्हा उद्भवतो, बहुधा पहिल्याच वर्षात.

'प्रतिसाद' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. गोळ्या चालू असताना संप्रेरकांची पातळी जवळजवळ सर्वांची उतरते. खरा प्रश्न गोळ्या बंद केल्यानंतरचा असतो. शिवाय टीएसएच हा निर्देशांक कित्येक महिने दबलेलाच राहू शकतो, त्यामुळे आरंभी केवळ त्यावरून औषध लागू पडले नाही असे ठरवणे चूक आहे.

'''पूर्वानुमानाचे निकष'''

कमी वय, मोठा गलगंड, सुरुवातीची तीव्र संप्रेरकवाढ, धूम्रपान आणि प्रतिपिंडांचे अधिक प्रमाण ही विकार उलटण्याची लक्षणे मानली जातात. उपचाराच्या अखेरीस प्रतिपिंडे अद्याप वाढलेली असतील, तर औषध थांबवणे धोक्याचे ठरते.

नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१६ साली 'ग्रेट' नावाची गुणपद्धती मांडली. वय ४० पेक्षा कमी असल्यास १ गुण. मुक्त टी-४ लिटरमागे ४० पिकोमोल किंवा अधिक असल्यास १. प्रतिपिंडे ६ ते १९.९ एककांत असल्यास १, त्याहून अधिक असल्यास २. गलगंड मोठा असल्यास २. एकूण ० ते १ गुण मिळालेल्यांत सुमारे १६ टक्के, २ ते ३ गुणांत ४४ टक्के आणि ४ ते ६ गुणांत ६८ टक्के रुग्णांत विकार परतला. भारतातील अहवालांत मुक्त टी-४ सहसा डेसिलिटरमागे नॅनोग्रॅममध्ये असतो. वरील ४० ची सीमा तेथे सुमारे ३.१ होते. पुण्यातील रुग्णाने अहवाल हाती घेऊन गुण मोजताना एककांची ही अदलाबदल विसरली, तर हिशेब साफ चुकेल. ही पद्धती युरोपीय रुग्णांवर बेतलेली असल्याने ती निर्णयाला साहाय्य करणारी आहे, निर्णय देणारी नव्हे.

'''निर्णयावरील परिणाम'''

ग्रंथीतील स्वयंचलित गाठीमुळे अतिसक्रियता असेल, तर गोळ्यांनी ती आटोक्यात राहते पण बरी होत नाही. म्हणून पूर्वानुमानाआधी निदान पक्के हवे. विकार उलटण्याची शक्यता जास्त असल्यास दीर्घकाळ अल्प मात्रा, किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया हे पर्याय असतात. किरणोत्सारी आयोडीन चिकित्सेच्या क्षेत्रात मुंबईतील परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटर हे महाराष्ट्रातील जुने केंद्र असून भाभा अणुसंशोधन केंद्राने ते १९६३ साली स्थापन केले. गर्भारपणात किरणोत्सारी आयोडीन वर्ज्य असते. अपत्याचा विचार करणाऱ्या तरुणींसाठी म्हणून विकार उलटण्याचा अंदाज विशेष महत्त्वाचा ठरतो. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत कार्बिमाझोलऐवजी प्रोपिलथायोयुरासिल देतात.

कोणतीही गुणपद्धती एका दुर्मीळ धोक्याची पूर्वसूचना देत नाही: या औषधांनी हजारातील दोन ते पाच जणांत पांढऱ्या पेशी एकाएकी घटतात. गोळ्या चालू असताना ताप येऊन घसा दुखू लागल्यास गोळ्या थांबवून त्याच दिवशी रक्ततपासणी करणे आवश्यक असते.