इनामगाव

महाराष्ट्रातील एक ताम्रपाषाणयुगीन वसाहतस्थळ. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या काठावर. येथील पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या मातीच्या) टेकाडांचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून सुमारे बारा हंगाम केले. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी व म. के. ढवळीकर यांनी खोल चर खणून थांबण्याऐवजी विस्तृत क्षेत्र उघडले. त्यामुळे केवळ खापरांचा अनुक्रम न मिळता शंभराहून अधिक घरांचे आख्खे गाव समोर आले; दख्खनच्या पुरातत्त्वात या स्थळाचे मोल त्यातच आहे.

सांस्कृतिक कालखंड तीन : माळवा (इ. स. पू. सु. १६००–१४००), पूर्व जोर्वे (१४००–१०००) आणि उत्तर जोर्वे (१०००–७००).

पूर्व जोर्वे काळात घरे चौकोनी व कुडाच्या भिंतींची होती. घरांतून चुली व धान्याची पेवे आढळली. जव, गहू, मसूर, कुळीथ ही पिके. नदीलगतचा पाट व बांध सिंचनासाठी असावेत. एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणबंद पेटी पुरलेली होती. आत मस्तकहीन स्त्रीमूर्ती, तर झाकणावर दुसरी स्त्रीमूर्ती आणि बैल. मस्तकहीन मूर्तीच्या पोटाला भोक असून काडीने ती बैलाच्या पाठीवर बसवता येते.

दफने दोनशेहून अधिक आहेत. लहान मुलांना तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन कुंभांत घरातच पुरत. प्रौढांना उत्तरेकडे डोके करून उताणे ठेवत आणि त्यांची पावले घोट्यापासून तोडत. मृताने परत चालत येऊ नये, ही त्यामागील समजूत असावी. याला लक्षणीय अपवाद पाच खोल्यांच्या घरातील : चार पायांच्या, न भाजलेल्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला प्रौढ पुरुष, पावले शाबूत. तो गावप्रमुख असावा, असे ढवळीकरांचे मत. त्यावरून येथे अधिकारपरंपरा होती असे मानले जाते. मात्र ती वंशपरंपरागत होती का, याविषयी मतभेद संभवतात.

उत्तर जोर्वे काळात चौकोनी घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली, भांडी ओबडधोबड झाली आणि शिकारीवरील भिस्त वाढली. वाढती कोरड हे कारण सामान्यतः दिले जाते. इ. स. पू. ७०० च्या सुमारास वस्ती उठली.

उत्खननाचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

आजचे गाव : शेतीप्रधान.