चिंतामणराव राष्ट्रपती झाले असते तर...

१९५६ हे साल आमच्या माहूरला दोन गोष्टींसाठी लक्षात राहिले. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला आमचा किनवट तालुका आदिलाबादेतून निघून नांदेड जिल्ह्यात आला आणि रेणुकामातेचा डोंगर हैदराबाद राज्य सोडून द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. त्याआधी, जुलैत, चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावरून केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले. पहिली गोष्ट सरकारी दप्तरात राहिली, दुसरी आमच्या आजोबांच्या तोंडी.

आजोबांचे एक स्नेही होते, विम्याचे एजंट. आम्ही त्यांना काका म्हणत असू. दिवाळीत फराळाला आले की आमच्या ओट्यावर दोघांचा एकच वाद रंगायचा: १९६९ साली चिंतामणराव राष्ट्रपती झाले असते, तर ते त्या जागेला शोभले असते काय? चकल्या संपत, वाद संपत नसे.

प्रसंग असा होता. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन वारले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. इंदिराजींचा ओढा मात्र व्ही. व्ही. गिरींकडे. तिसरे देशमुख. त्यांच्या पाठीशी जनसंघ आणि राजाजींचा स्वतंत्र पक्ष. १९५९ साली निघालेल्या या स्वतंत्र पक्षाचे म्हणणे थोडक्यात असे, की सरकारने माणसाच्या शेतात, दुकानात आणि तिजोरीत हात घालू नये. 'परमिट-लायसन राज्य' हा शब्द राजाजींनीच रूढ केला. १९६७ च्या लोकसभेत या पक्षाचे ४४ खासदार होते; म्हणजे ही काही चार शेटजींची चावडी नव्हती.

काका नेमके इथेच बोट ठेवीत. "अहो, रिझर्व्ह बँक १९४९ त सरकारी झाली तेव्हा गव्हर्नर हेच. स्टेट बँक झाली तेव्हा अर्थमंत्री हेच. १९५६ च्या जानेवारीत आयुर्विमा ताब्यात घेतला तोही ह्यांनीच. माझी भाकरी ज्यांनी सरकारी केली, त्यांना सरकार नको म्हणणाऱ्यांनी उभे करायचे?" आणि पुढे म्हणत, "गिरींनी १९ जुलैला चौदा बँकांच्या अध्यादेशावर सही केली. स्वतंत्रवाल्यांचा राष्ट्रपती असता तर कागद अडवून बसला असता. लोकांनी निवडलेल्या सरकारला राष्ट्रपतीने अडवायचे, ही कसली लोकशाही?"

काकांचा हा मुद्दा मला आजही हलका वाटत नाही. राष्ट्रपतीला स्वतःचे अर्थशास्त्र नसावे हेच बरे.

आजोबांचे उत्तर निराळे होते. "पक्ष सोडा हो. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता झाला, ही त्यांची तक्रार होती. नेहरूंनी ती मानली नाही, पण ह्यांनी खुर्ची सोडली. असा माणूस आणीबाणीच्या रात्री असता तर? २५ जून १९७५ ला मंत्रिमंडळाची बैठक होण्याआधीच फक्रुद्दीन अली अहमदांनी सही केली. चिंतामणरावांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता."

एका दिवाळीला काकांनी बोटांवर वर्षे मोजली. "मुदत पाच वर्षांची. १९७४ च्या ऑगस्टातच संपली असती!" आजोबा त्या रात्री फार बोलले नाहीत.

पुढे मास्तरकी करताना जुनी पुस्तके चाळता चाळता मला आजोबांच्या बाजूचा पुरावा सापडला, तेव्हा आजोबा राहिले नव्हते. खरी परीक्षा १९७० च्या सप्टेंबरात होती. संस्थानिकांचे तनखे बंद करणारी घटनादुरुस्ती ५ तारखेला राज्यसभेत पडली, तीही दोनतृतीयांशाला एक मतही पुरते कमी नसताना. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींच्या हुकमाने सगळ्या संस्थानिकांची मान्यता काढून घेण्यात आली. संसदेत जे जमले नाही, ते एका सहीने झाले. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द ठरवला. तनखे जावेत असे मलाही वाटते. निजामाच्या मुलुखातल्या माणसाला राजेरजवाड्यांचा काय पुळका! १९७१ साली रीतसर घटनादुरुस्ती होऊन ते गेलेही. पण मधल्या त्या सहीच्या वेळी, 'काल संसदेत काय झाले?' एवढे विचारणारा माणूस त्या टेबलाशी हवा होता. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतीवर बंधनकारक आहे, हे शब्द घटनेत आले १९७६ साली. तोवर विचारायला थोडी तरी जागा होती.

ते व्हायचे नव्हते. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. दुसऱ्या पसंतीची मते मोजून गिरी निवडून आले. देशमुख २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत वारले.

हे सगळे मी थकलेल्या काकांना वाचून दाखवले. त्यांनी डोळे मिटून ऐकले.

"विचारले असते, हे कबूल," ते म्हणाले. "आणि उत्तर पटले नसते तर? पुन्हा राजीनामा दिला असता. मग ती सही दुसऱ्याच कुणीतरी केली असती, मास्तर."

यावर माझ्यापाशी अजून उत्तर नाही. आजोबांपाशी असते की काय, कोण जाणे.